सराव न्यायालयातले तीन लिफाफे

१

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला शिरस्तेदारांनी लोखंडी कपाट उघडलं, आणि आत बघत तसेच उभे राहिले.

शिरस्तेदार हे त्यांचं नाव नव्हे. तीस वर्षं खऱ्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाल्यावर ते आमच्या लॉ कॉलेजात आले. तिसऱ्या मजल्यावरच्या सराव न्यायालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, म्हणून आम्हीच त्यांना ते पद बहाल केलं होतं. उंच व्यासपीठ, साक्षीदाराचा कठडा, वकिलांची दोन टेबलं आणि मागे साठ जणांची बाकं. शेवटच्या वर्षाला आम्ही याच खोलीत उभं राहायला, बोलायला आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारायला शिकत होतो.

त्या सकाळी शिरस्तेदार खुशीत होते. आल्या आल्या त्यांनी व्यासपीठावर पितळी घंटी ठेवली आणि टिंग करून वाजवून दाखवली. "घ्या बाई. काल दुपारी मुकी झाली होती, घड्याळवाल्याकडे टाकून आलो होतो. आत्ता येता येता घेतली. नवी स्प्रिंग." आम्हाला शिकवणाऱ्या बाईच इथे न्यायाधीश असायच्या, आणि वकिलाची वेळ संपली की त्या ती घंटी दाबायच्या. पुढे कितीही थोर वाक्य तोंडात असलं तरी ते गिळून खाली बसायचं.

आणि मग त्यांनी कपाट उघडलं.

"बाई," ते म्हणाले, "लिफाफे नाहीत."

त्या दिवशी अंतिम फेरी होती. एका खटल्याची कागदपत्रं महिनाभर आमच्याकडे होती, पण एका साक्षीदाराची जबानी गुप्त. ती तीन लाखबंद लिफाफ्यांत होती: एक फिर्यादीच्या वकिलाला, एक बचावाच्या वकिलाला आणि एक न्यायाधीशाला. सुनावणीआधी अर्धा तास ते फोडायचे. फेरीत दोघंच उरलो होतो, मी आणि स्वल्पविराम. जो जिंकेल त्याला बाईंच्या हाताखाली वर्षभराची उमेदवारी. त्या वर्षासाठी मी काय काय सोडलं होतं ते सांगत बसत नाही. बहिणीच्या लग्नातही मी खटल्याची फाईल घेऊन गेले होते, एवढं पुरे.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली शिरस्तेदारांच्या टेबलामागच्या खिळ्याला होती, म्हणजे कुणालाही घेता येण्यासारखी. गुरुवारी चार वाजता काळे झगे आत ठेवताना तिन्ही लिफाफे त्यांनी पाहिले होते. साडेपाचला खोलीला कुलूप लावून ते घरी गेले होते.

प्राचार्य धापा टाकत वर आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "चार ते साडेपाच इथे कोण होतं?"

शिरस्तेदारांनी माझ्याशेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "पाच वाजता आत हा होता, साहेब."

२

त्याला आम्ही स्वल्पविराम म्हणायचो, कारण त्याच्या प्रत्येक वाक्यात नको तिथे थांबा यायचा. तो अडखळायचा. 'माननीय न्यायालय' म्हणायला त्याला कधी दोन सेकंद लागत, कधी बारा. पहिल्या वर्षी पोरं हसली. दुसऱ्या वर्षी हसणं थांबलं, कारण तो जे विचारायचा ते बिनतोड असायचं. माझं टोपणनाव तोफ. आमच्या दोघांत काय फरक होता, ते यावरून कळेल.

प्राचार्यांचं गणित सोपं होतं. मुलगा खोलीत होता, लिफाफे गेले, मुलानेच नेले. "बाराच्या आत परीक्षेतून नाव काढतो. सनद देणाऱ्यांनाही कळवावं लागेल. पालकांना बोलवा."

त्याला पालक एकच होती, आत्या. ती बसमध्ये कंडक्टर होती. फेरी अर्धवट टाकून ती गणवेशातच आली, गळ्यात तिकिटांची चामडी पिशवी तशीच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, आमचा पोरगा उशिरा बोलतो. पण खरं बोलतो."

"पुराव्याने बोला," प्राचार्य म्हणाले.

"पुराव्याने बोलायला आमच्याकडे वकील नाही," आत्या म्हणाली.

"आहे," मागून आवाज आला.

बाई तोवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सत्तरी उलटलेली, पाच फुटांची मूर्ती. त्यांनी चाळीस वर्षं फौजदारी कोर्टात काढली होती, आणि त्यांचा आवाज चढलेला आम्ही कधी ऐकला नाही. एकदा एक डुगडुगणारं बाक दुरुस्त करून सुतार निघाला होता. बाक आणखीच डुगडुगू लागलं होतं, आणि तो फरशीला दोष देत होता. बाईंनी त्याला अकरा प्रश्न विचारले. अगदी साधे. पट्टी कुठे होती? पेन्सिल कुठल्या खिशात होती? बारावा प्रश्न त्यांना विचारावाच लागला नाही. सुतार आपणहून म्हणाला, "डावा पाय मीच जास्त कापला, बाई." आणि वर हसतही होता, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा. आम्ही साठ जण तोंडाचा आ करून बसलो होतो. मी वकील व्हायचं त्या दिवशी ठरवलं. त्याआधी नुसती कॉलेजात येत होते.

"मला एक तास द्या," बाई प्राचार्यांना म्हणाल्या. "हे न्यायालय आहे. इथे कुणाला शिक्षा होणार असेल तर आधी साक्ष होईल. शिरस्तेदार साक्षीदार. आणि बचावाची वकील..." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू."

"बाई, त्याचं नाव कटलं तर उमेदवारी मला मिळणार आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "झगा घाल."

३

शिरस्तेदार कठड्यात चढले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना तिथे चढवलं होतं.

सांगितलं ते एवढंच. पाचच्या सुमारास ते व्हरांड्यातून जात होते. सराव न्यायालयाचं दार बंद होतं. आतून स्वल्पविरामचा आवाज येत होता, तो सुरुवातीचा युक्तिवाद करत होता. आत सराव चालू असेल तर दार उघडायचं नाही, हा बाईंचाच नियम. ते पुढे निघून गेले.

मी तोफेसारखी उठले. "म्हणजे तुम्ही त्याला डोळ्यांनी पाहिलंच नाही! मग त्याचंच नाव का घेतलं?"

"पोरी, आवाज!" शिरस्तेदार कळवळून म्हणाले. "तसं अडखळत बोलणारा अख्ख्या कॉलेजात दुसरा कोण आहे? मला का हौस आहे त्याचं नाव घ्यायची?"

बाकांवर कुजबूज उठली. मी माझ्याच अशिलाच्या गळ्यात फास टाकला होता. वर्षभर बाईंनी एकच गोष्ट घोकून घेतली होती: उलटतपासणीत 'का' विचारायचं नाही. 'का' विचारलं की साक्षीदाराला मैदान मोकळं.

स्वल्पविराम उभा राहिला. "मी ते-तेव्हा गच्चीवर होतो. एकटा. सराव करत. आणि मी एकटा अ-असताना..." तो थांबला. आम्ही वाट पाहिली. "अडखळत नाही."

"काय म्हणालास?" प्राचार्यांनी विचारलं.

"एकटा असलो की मी स-सरळ बोलतो. म्हणजे आत अडखळत होता तो म-मी नव्हतो."

"हे कुणी ऐकलंय?"

"कुणी नाही. कुणी ऐ-ऐकत असलं की मी एकटा नसतो."

बाकांवर हशा पिकला. प्राचार्यही हसले. मला मात्र हसू आलं नाही. जे खरं आहे ते सिद्ध करताच येऊ नये, याहून वाईट काय असतं?

"वकीलबाई," बाई शांतपणे मला म्हणाल्या, "साक्षीदार खोटं बोलतोय असं वाटतं का तुला?"

मी शिरस्तेदारांकडे पाहिलं. कपाळावर घाम. डोळ्यांत पाणी. "नाही, बाई."

"मग त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांचा हात धर आणि त्या दारापाशी परत जा. एका प्रश्नात एकच गोष्ट."

मी खोल श्वास घेतला. आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले.

"शिरस्तेदार, तुम्ही दारापाशी पोहोचलात तेव्हा तो काय बोलत होता?"

"'माननीय न्यायालय, फिर्यादीची बाजू अशी की...' फिर्यादी म्हणताना तीनदा अडखळला. फि, फि, फि."

"मग?"

"मग पुढे बोलत राहिला. मी जरा थांबलो. चांगलं बोलत होता हो. मनात म्हटलं, पोरगा जिंकणार."

"किती वेळ थांबलात?"

"त्याचं बोलणं संपेपर्यंत."

"संपलं ते कसं कळलं?"

"कसं म्हणजे? वाक्य अर्धं होतं, तेवढ्यात वेळ झाली. टिंग. गप्प झाला."

मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. व्यासपीठावरची घंटी चमकत होती.

"कशाचं टिंग?"

"घंटीचं. बाईंच्या..."

शिरस्तेदारांचा चेहरा उतरला. त्यांची मान सावकाश त्या घंटीकडे वळली.

"काल पाच वाजता घंटी कुठे होती?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"घड्याळवाल्याकडे," शिरस्तेदार पुटपुटले. "मीच नेली होती." त्यांनी कठडा घट्ट धरला. "मग आत वाजलं काय?"

मी कठड्याच्या आणखी जवळ गेले.

"त्यानंतर काही ऐकलंत?"

"निघालो तर मागून पुन्हा सुरू झालं. 'माननीय न्यायालय, फिर्यादीची बाजू...' पुन्हा तसंच. फि, फि, फि. तीनदा."

स्वल्पविरामने मान हलवली. "मी दोनदा स-सारखा अडखळत नाही. अडखळणं कधीच स-सारखं नसतं."

आत माणूस बोलतच नव्हता. आत जुनी चित्रफीत चालू होती.

४

आमच्या प्रत्येक सरावाचं चित्रीकरण व्हायचं, म्हणजे आपण कुठे चुकलो ते आपल्याच डोळ्यांनी पाहता यावं. कॅमेरा धाकटे वकील सांभाळायचे. तिशीतले, बाईंचेच जुने विद्यार्थी. सकाळी कोर्टात वकिली आणि दुपारी आम्हाला शिकवणं. गुप्त जबानीही दरवर्षी तेच लिहायचे. ते मघापासून खिडकीशी उभे होते.

"चित्रफिती कुणाकडे असतात?" बाईंनी त्यांना विचारलं.

"माझ्या लॅपटॉपवर, बाई." मग घाईने म्हणाले, "पण तो मी कधी कधी इथेच ठेवून जातो. काल चारलाच घरी गेलो. कुणीही लावू शकतं."

"शकतं," बाई म्हणाल्या. त्या व्यासपीठावरून उतरल्या आणि कपाटापाशी गेल्या. "मला एक गोष्ट सकाळपासून सतावतेय. चोराने तिन्ही लिफाफे नेले. तोफे, तुला ती जबानी आधी वाचायची असती तर किती नेले असतेस?"

"एक, बाई. वाचून परत ठेवला असता."

"आणि तिन्ही नेले असतेस तर?"

"तर फेरीच झाली नसती. मला काही मिळालं नसतं."

"बरोबर. ज्याला वाचायचं असतं तो एक नेतो. तिन्ही कोण नेतो? जो म्हणतो, हे कुणीच वाचू नये." बाईंनी कपाट बंद केलं. "पण कुणी वाचू नये असं वाटायला आत काय आहे ते ठाऊक हवं. मी ते वाचलेलं नाही. पोरांनी नाही. शिरस्तेदारांनी नाही."

कुणीही त्या तरुण वकिलाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

"कागदात साधी चूक असती तर लिहिणाऱ्याने कागद बदलला असता," बाई पुढे म्हणाल्या. "पण लाखेवर माझा शिक्का आहे, आणि शिक्का माझ्या पर्समध्ये. माझ्याकडे येऊन 'चुकलो' म्हणता आलं असतं. कलम चुकलं तर माणसाला लाज वाटते, तो येऊन सांगतो. तो आला नाही. म्हणजे लाज नव्हती, भीती होती. आणि वकिलाला अशी भीती एकाच गोष्टीची वाटते." आता त्या त्यांच्याकडे वळल्या. आवाज तसाच, दुखणाईताची चौकशी करावी तसा. "मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. उत्तर मला ठाऊक आहे. त्या जबानीत कुणाचं खरं नाव राहून गेलं होतं का?"

मी तो क्षण कधी विसरणार नाही. बाईंनी ना आरोप केला, ना पुरावा आपटला. त्यांनी फक्त एक दार उघडून धरलं होतं, आणि तो माणूस त्यातून चालत बाहेर आला.

"हो, बाई," ते म्हणाले. त्यांनी बॅगेतून तिन्ही लिफाफे काढून टेबलावर ठेवले. लाख न फुटलेली. "माझ्या पहिल्या अशिलाची गोष्ट आहे. तिने बंद दाराआड मला जे सांगितलं ते. नावं बदलली होती, पण एका जागी तिचं नाव तसंच राहिलं. काल दुपारी माझी प्रत चाळताना दिसलं. अशिलाचं गुपित फोडलं म्हणून सनद जाईल या भीतीने..." ते खाली बसले. "झगे ठेवून शिरस्तेदार खोलीबाहेर जाईपर्यंत थांबलो होतो. चित्रफीत लावून ठेवली, सराव चाललाय समजून कुणी दार उघडू नये म्हणून. तो कुणाचा आवाज आहे याचा विचारही मनात आला नाही. खरंच नाही."

"आणि आज सकाळी, त्याचं नाव निघालं तेव्हा?"

त्यांनी स्वल्पविरामकडे पाहिलं.

"गप्प बसलो."

आत्या उठली. मला वाटलं, आता कडाडणार. ती पुतण्याजवळ गेली, त्याची वळलेली कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "माझी दुसरी फेरी सुटायची वेळ झाली. तू परीक्षा दे." जाता जाता कठड्यापाशी थांबून तिने शिरस्तेदारांना खाली उतरायला हात दिला. ते रडत होते.

५

धाकट्या वकिलांची नोकरी गेली. सनद मात्र वाचली, कारण बाई त्यांना स्वतः घेऊन त्या अशिलाच्या घरी गेल्या. तिथे त्यांनी तिच्यासमोर बसून सगळं कबूल केलं. तिने तक्रार करायची नाही असं ठरवलं. तिथे आणखी काय बोलणं झालं, ते मला नंतर कळलं.

फेरी पंधरा दिवसांनी झाली. निकाल आधीच सांगून टाकते: उमेदवारी स्वल्पविरामला मिळाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी जे पाहिलं त्यासमोर ते वाईट वाटणं फार टिकलं नाही.

जबानी नव्याने लिहिली होती. एका मुलीच्या भावाने बेशुद्ध आईचा अंगठा घराच्या कागदावर उठवून घेतला. मुलीने ते पाहिलं होतं. साक्षीदार म्हणून दरवेळी कुणी ना कुणी ओळखीचं यायचं, कधी ग्रंथपाल, कधी शेजारच्या दवाखान्यातली परिचारिका. या वेळी कठड्यात एक पन्नाशीची अनोळखी बाई चढली. साधे कपडे, हातात रुमाल.

स्वल्पविराम तिची सरतपासणी घ्यायला उठला. "त्या खो-खोलीत कोण कोण होतं?"

"आई. भाऊ. आणि मी."

"आई बो-बोलत होत्या?"

"नाही. दोन दिवस डोळेच उघडले नव्हते."

त्याचा प्रत्येक प्रश्न उशिरा यायचा, आणि तोवर ती बाई वाट बघायची. हळूहळू तिचे खांदे सैल झाले. उत्तरं लांबत गेली. मी असते तर एव्हाना वीस प्रश्न संपवले असते, आणि तिने वीसदा 'हो' किंवा 'नाही' म्हटलं असतं.

"तुम्ही कु-कुठे उभ्या होता?"

"उशाशी."

"तुमच्या हा..." शब्द अडकला. त्याने डोळे मिटले. "हा..."

कुणी हललं नाही. बाईंचं बोट घंटीपासून दूर होतं. पाच सेकंद गेले. दहा.

"हातात," ती बाईच म्हणाली. अगदी हळू. "माझ्या हातात शाईची डबी होती. भाऊ म्हणाला धर, मी धरली. मी काही बोलले नाही."

मी झटकन कागद उलटले. जबानीत हे नव्हतं. डबीचा शब्दसुद्धा कुठे नव्हता. बाईंकडे पाहिलं, तर त्यांच्याही भुवया वर गेल्या होत्या. स्वल्पविराम मान खाली घालून म्हणाला, "आ-आभारी आहे," आणि बसला.

माझी पाळी. बचावाच्या वकिलाला याहून मोठं घबाड मिळत नाही. गुन्ह्यात साक्षीदाराचाच हात होता, आणि तो तिने स्वतः कबूल केला होता. पाच प्रश्नांत मी तिचे तुकडे केले असते. ते पाचही माझ्या जिभेवर होते. मी उठले. ती रुमालाने बोटं पुसत होती. कोरडी बोटं, एक एक करून, पुन्हा पुन्हा.

असं कुणी शिकवून करत नाही.

"प्रश्न नाहीत," मी म्हणाले.

बाकांवरचे सगळे चक्रावले. नंतर जिन्यात कुणी म्हणत होतं, काय अभिनय केला त्या बाईने. त्या गोष्टीचं खरं काय ते मला बाईंनी महिन्याभराने सांगितलं, तेही त्या बाईचा निरोप आल्यावर: 'जी मुलगी गप्प बसली, तिला सांगा.' ती धाकट्या वकिलांची तीच पहिली अशील होती. डबीचा उल्लेख तिनेच कागदातून काढायला लावला होता. साक्षीला मी स्वतः येते, हा हट्टही तिचाच होता. खऱ्या कोर्टात तिला तासभर नुसतं 'हो की नाही' विचारलं होतं, आणि ती हरली होती. मी हे लिहितेय तेही तिच्या संमतीने. तिच्या सांगण्यावरून दोन तपशील बदलले आहेत.

पण त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी खाली बसले आणि व्यासपीठाकडे पाहिलं. न्यायाधीशाने साक्षीदाराला 'आपण जाऊ शकता' म्हणायचं असतं. बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्या खुर्चीतून उठल्या. न्यायाधीश उठले की सगळ्यांनी उठायचं, म्हणून आम्ही साठ जणही उठलो. बाकं करकरली. मात्र बाई आत गेल्या नाहीत. ती बाई कठड्याच्या दोन पायऱ्या उतरली, टेबलांमधून चालत दारापर्यंत पोहोचली, शिरस्तेदारांनी तिच्यासाठी दार उघडलं, ती बाहेर गेली, आणि तोवर बाई तशाच उभ्या होत्या, हात जोडून.